इनास सरांचा दोन डोळ्यांचा रणगाडा

आमच्या वाडीत एकदा पर्यटकांच्या मागे रणगाडा लागला होता. हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग ‘बाई निवृत्त झाल्यापासून गोष्टी रचायला लागल्या’ अशा नजरेने माझ्याकडे बघतात. पण मी स्वतः पाहिलंय. सकाळी दहाचा सुमार होता. शेजारच्या होमस्टेमधले सहा-सात पाहुणे नारिंगी लाइफ जॅकेटं घालून डॉल्फिन बघायला निघाले होते. तेवढ्यात इनास सरांच्या फाटकातून हातभर लांबीचा एक हिरवा रणगाडा खडखडत बाहेर आला, पाणंदीच्या मधोमध थांबला, त्याने डोकं इकडून तिकडे फिरवलं आणि घोळक्यातल्या सगळ्यांत जाड गृहस्थांवर नळी रोखून त्यांच्या मागे चालू लागला. गृहस्थ डावीकडे सरकले, नळी डावीकडे वळली. ते उजवीकडे झाले, नळीही उजवीकडे. मग मात्र त्यांनी समुद्राच्या दिशेने धूम ठोकली. मागून वाळूत रुतत, सावरत रणगाडा, आणि त्याच्याही मागून अर्ध्या चड्डीतले, पासष्टीचे इनास सर ओरडत निघालेले, “धावू नका हो! एका जागी उभे राहा! तो फक्त अंतर मोजतोय!”

झालं होतं ते एवढंच, की सरांनी त्या यंत्राला ‘नारिंगी दिसेल त्याच्या मागे जा’ असं शिकवलं होतं आणि सरावासाठी जाळ्याचा एक नारिंगी बोया खळ्यात, म्हणजे अंगणात, ठेवला होता. आता आमच्या देवबागला, जिथे सीझनमध्ये माणसं कमी आणि लाइफ जॅकेटं जास्त दिसतात, तिथे निवडून निवडून नारिंगी रंग निवडणाऱ्याला काय म्हणावं? होमस्टेवाला संध्याकाळी भांडायला आला. सरांनी त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुझो पाहुणो जरा उभो ऱ्हवलो आसतो, तर आकडो तरी गावलो आसतो माका.” तो बिचारा कपाळावर हात मारून परत गेला.

इनास सर आमच्या हायस्कुलात टेक्निकल विभागाला वर्कशॉप शिकवायचे आणि मी मराठी. पंचवीस वर्षं स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी, आणि निवृत्तीनंतर घरंही तशीच. मधे फक्त एक गडगा, दगड रचलेली कमरेएवढी भिंत. बुटका, काटक माणूस. शर्टाच्या खिशात पेन नसे, सहा इंची पोलादी पट्टी असे. अंदाज या गोष्टीचा त्यांना मनापासून तिटकारा होता. कुणी ‘साधारण’, ‘सुमारे’, ‘असेल तितकंच’ म्हणालं की त्यांचा हात खिशाकडे जाई. “अंदाजान संसार चलता, काम चलणा नाय,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते घरात म्हणाले की त्यांची बायको फिलू स्वयंपाकघरातून उत्तर देई, “म्हणानच संसार मी करतंय!”

माझ्या विषयाला तर ते विषयच मानत नसत. मी पेपर तपासत बसले की हळूच डोकावून बघत. “तुमचा बरा आसा, बाई. निबंधाक अर्धो मार्क देवक येता. माझो लोखंडाचो जॉब एक तर मापात आसता, नायतर नसता.” मी चिडत असे. एकदा मी सुनावलंच, की ज्याला अर्धा मार्क देता येत नाही त्याने पोरांना शिकवूच नये. त्यावर ते हसले नाहीत. म्हणाले, “अर्धो मार्क दिलो काय पोराक वाटता, आपणाक येता.” मला तेव्हा ते उत्तर फार कोरडं वाटलं होतं आणि दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नव्हते.

वर्कशॉपमध्ये गॉगल न घालता आलेल्या मुलाला ते दारातूनच परत पाठवत, मग तो हेडमास्तरांचा का असेना. आणि नेमका त्यांचाच डावा डोळा लेथवर गेला. घाम पुसायला त्यांनी गॉगल कपाळावर सरकवला आणि तेवढ्यात पितळेची एक कपची उडाली. दवाखान्यातून आले ते सरळ वर्गावर. मुलांना म्हणाले, “बघा. इतकोच येळ लागता.” त्यानंतर डोळ्याबद्दल ते शाळेत कधी अक्षर बोलले नाहीत.

एक डोळा गेला की नुसतं निम्मं दिसेनासं होतं असं नाही, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं. अंतरच जातं. किटलीतून चहा ओतायचे तो कपाच्या शेजारी. माझ्या सहामाहीच्या पेपरांवर त्यांनी दोनदा चहा ओतला आणि दोन्ही वेळा पहिला नंबर येणाऱ्या मुलीच्याच पेपरावर. समोरची एसटी दहा हातांवर आहे की तीस, ते कळेना म्हणून स्कूटर विकली. पायरी उतरताना पाऊल हवेत चाचपडे. “सगळा कॅलेंडरासारखा दिसता, बाई,” एकदा मला म्हणाले, “भिंतीक चिकटलेला.” ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या अंदाजांची टिंगल केली, त्याच्यावर सकाळच्या चहापासून अंदाजाने जगायची पाळी आली होती. मला याचा फार राग येई. कुणाचा, ते मात्र सांगता येत नसे.

रणगाड्याचं वेड निवृत्तीनंतरचं. जगात ठिकठिकाणी चांगली मोठी माणसं हौसेने असे छोटे रणगाडे बनवतात, त्यांचे व्हिडिओ ते मोबाइल नाकाला लावून बघत बसत. बहुतेक रणगाडे रिमोटवर चालणारे. पण काहींना त्यांच्या मालकांनी आपलं आपण बघायला शिकवलेलं होतं: लक्ष्य शोधायचं, ते हललं की मान वळवत त्याच्या मागे राहायचं, ते किती लांब आहे ते मोजायचं आणि मगच गोळी सोडायची. सर त्यावर लुब्ध झाले. त्यांनी सायकलच्या चेनीचे पट्टे केले, पाइपाची छर्रे सोडणारी नळी केली, आत पत्त्यांच्या कॅटाएवढा छोटा संगणक बसवला आणि डोक्यावर एक फुटपट्टी आडवी टाकून तिच्या दोन टोकांना दोन कॅमेरे लावले. मी विचारलं, “एका कॅमेऱ्याने भागलं नसतं का?” त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्यांनीच समजावलं. “हात लांब करा. अंगठो उभो धरा. आता एक डोळो मिटा, मगे दुसरो. अंगठो उडता मां?” उडत होता खरा. डाव्या डोळ्याने बघितलं तर अंगठा विहिरीपाशी, उजव्याने बघितलं तर माडापाशी. “वस्तू जितकी जवळ, तितकी उडी मोठी. उडी मोजली काय अंतर गावता. देवान तुमका फुकट दिल्यान हा, आणि तुमका ठावकच नाय!” वयाची साठ वर्षं मी दोन डोळे घेऊन हिंडत होते आणि मला खरंच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन मी कितीतरी वेळ व्हरांड्यात अंगठा धरून बसले होते.

लाइफ जॅकेटच्या प्रकरणानंतर त्यांनी रंग सोडला. मासे भरायच्या थर्माकोलच्या खोक्याचं एक झाकण घेतलं, चाकांच्या पाटावर उभं केलं आणि त्यावर काळ्या रंगाने एक उभी आणि एक आडवी जाड रेघ मारली. यंत्राला अशी आकृती चटकन ओळखता येते म्हणे. पाटाला दोरी बांधली. ती दोरी ओढत खळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायचं काम फिलूकडे. फिलूने झाकण पाहिलं आणि दोरी टाकून दिली.

“खुरसार नेम धरतंस? आणि दोरी माझ्या हातात?”

“खुरीस नाय गो तो. दोन रेघो आसत.”

“दोन रेघांकच खुरीस म्हणतत!”

अंगणात चुना लावलेला खुरीस, म्हणजे क्रूस, त्याच्यापुढे रोज संध्याकाळी मेणबत्ती लावणारी बाई ती. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. सरांनी झाकण उलटं केलं आणि मागच्या बाजूला एकात एक गोल काढले. यंत्राला ते पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागलं, त्यात सारा श्रावण गेला.

आणि त्याच सुमाराला उजवा डोळा कुरकुरायला लागला. आधी त्यांना वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. मग ते जेवताना ताटातली कोशिंबीर तशीच ठेवून उठायला लागले, कारण ताटाची डावी बाजू त्यांना दिसतच नव्हती. गोव्याला नेलं. काचबिंदू निघाला, तोही बराच पुढे गेलेला. डॉक्टरांनी सांगितलं की गेलेलं परत येत नाही. थेंब घालायचे आणि उरलेलं टिकेल तितकं टिकवायचं. सरांनी विचारलं, “किती दिवस?” डॉक्टर म्हणाले, “साधारण...” एवढं ऐकलं आणि सर खुर्चीतून उठले. फिलूने सांता लुझियाला नवस केला. ही डोळ्यांची संत. तिच्या तसबिरीत तिच्या हातातल्या ताटलीत दोन डोळे असतात. सर म्हणाले, “ती बाय आपलेच डोळे ताटात घेवन उभी आसा. ती माका खंयसून देतली!” फिलू त्या दिवशी त्यांच्याशी बोलली नाही, पण नवस तिने मागे घेतला नाही.

मला ते म्हणाले ते वेगळंच. गडग्यापाशी उभे होते, माझ्याकडे न बघता. “बाई, माका एकदाच बघूचा आसा. त्या रणगाड्यान आपणच शोधल्यान, आपणच अंतर मोजल्यान, आणि लागला. एकदा. मगे काळोख होवंदे.”

मी आपली मूर्खासारखी म्हणाले, “होईल हो सर.” त्यांनी विचारलं, “कधी?”

आता एक गोष्ट सांगते ती इथल्याच माणसाच्या हातून घडावी अशी. रणगाड्याचे दोन डोळे एकाच दिशेला सरळ बघतात की नाही, हे रोज सुरुवातीला ताडून घ्यावं लागे. त्यासाठी दूर एक पक्की खूण हवी. शेजारचे होडीवाले आबा तांडेल एकदा व्हरांड्यात बसून सांगत होते, की ऐन समुद्रात पाण्याखालचं खडप, म्हणजे खडक, कसं सापडतं. किनाऱ्यावरच्या दोन खुणा धरायच्या. “कळस त्या वाकड्या माडार इलो, आणि हयसून डोंगराचा टोक घराच्या कोन्यार इला, काय जाळा टाकूचा. खाली खडप आसताच.” सर लहान मुलासारखे खूश झाले. त्यांचा अंगठा आणि आबांचं खडप, हिशेब एकच होता. आणि आबांच्या तीन पिढ्यांनी ज्या माडावर भरवसा ठेवला, त्याच्यावर सरांनी ठेवला तर नवल काय? तो माड सरांच्याच खळ्याच्या टोकाला होता, उंच आणि किंचित कललेला. झुडपं आड येऊ नयेत म्हणून सरांनी शिडी लावून त्याला दीड पुरुष उंचीवर चुन्याचा पट्टा मारून घेतला. आधी रणगाड्याचा डावा डोळा त्या पट्ट्याकडे बघून स्वतःला सरळ करी, मग उजवा.

सकाळी आठला अंतर बरोबर येई. अकरानंतर चुकायला लागे, कधी दोन वितींनी, कधी हातभर. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बरोबर. सरांनी कॅमेऱ्यांना दोष दिला, ते बदलले. फुटपट्टी उन्हाने वाकते म्हणून लाकडाची केली. वायरी बदलल्या. भिंग नाकाला लावून संगणकातली प्रत्येक ओळ पुन्हा वाचली. असे तीन महिने गेले. आणि हे तीन महिने साधे नव्हते. सुरुवातीला त्यांना रणगाडा आणि लक्ष्य दोन्ही एकदम दिसत. नाताळच्या सुमाराला त्यांना नळीतून बघितल्यासारखं दिसायला लागलं. रणगाड्याकडे बघितलं तर लक्ष्य दिसत नसे, लक्ष्याकडे बघितलं तर रणगाडा.

शेवटी चूक काढली ती फिलूने. तिची कपडे वाळत घालायची दोरी त्याच माडाला बांधलेली होती. सर संगणकावर डोकं धरून बसलेले, ही पिळे घेऊन आली आणि सहज म्हणाली, “हो माड दुपारी काय तो गप ऱ्हवणा नाय. वारो लागलो काय माझे कपडे वर-खाली, वर-खाली.”

सर ताडकन उठले. मग त्यांनी मला हाक मारली आणि पट्ट्याकडे बघायला सांगितलं. खारा वारा सुटला होता आणि तो पट्टा चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे होत होता. डावा डोळा माडाला एका जागी बघे, उजवा बघेपर्यंत माड दुसरीकडे गेलेला असे. आबांना समुद्रातून हे कधी कळायचं कारणच नव्हतं; इतक्या लांबून चार बोटं म्हणजे काहीच नाही. “दर्यातसून माड हालणा नाय,” सर एवढंच म्हणाले. मला मात्र रडूच आलं. माणसाकडे मोजके दिवस उरलेले असावेत आणि त्यातले तीन महिने एका हलणाऱ्या झाडाने खावेत! तो माड तोडून टाका असं मी ओरडले. फिलू म्हणाली, “मगे दोरी खंय बांधू?”

खूण विहिरीच्या चिऱ्यावर हलवली. अंतर सुधारलं. पण तोवर सरांना कुणीतरी शेजारी उभं राहून सांगणारं लागायला लागलं: लक्ष्य कुठे आहे, नळी कुठे आहे, छर्रा कुठे पडला. ते काम माझ्याकडे आलं. मी म्हटलं, “सर, झाकणाऐवजी पत्रा लावू या, लागलं की आवाज तरी येईल.” ते म्हणाले, “रिक्षाचो हॉर्नच लावतंय मगे. माका आयकूचा नाय, बाई. बघूचा आसा.”

रोज चार वाजता आम्ही तिघं खळ्यात. फिलू दोरी खांद्यावर घेऊन विहिरीकडून माडाकडे चालत जायची, मागे पाट घरंगळत यायचा, रणगाडा त्याच्या मागे मान वळवत राहायचा आणि मध्येच फट् करून छर्रा सोडायचा. मी सांगायची, “डावीकडे.” “खाली.” “पुढे गेला.” सर मान हलवत. असं किती दिवस चाललं ते मी मोजलं नाही. एके दिवशी त्यांचा चेहरा इतका थकलेला होता, की छर्रा बाजूने गेलेला दिसत असूनही मी म्हणाले, “लागला.”

ते फिलूकडून दोरीचं टोक घेऊन तिला धरत धरत झाकणापर्यंत गेले, गुडघ्यांवर बसले आणि सगळ्या झाकणावरून हळूहळू बोटं फिरवली. थर्माकोलवर छर्रा बसला की बारीकसा खळगा पडतो. तो कुठेच नव्हता. मग वाळू चाचपून त्यांनी छर्रा शोधून काढला, अडीच हात डावीकडे. माझ्यापुढे धरून म्हणाले, “अर्धो मार्क दिलास, बाई?” त्यांनी आवाज चढवला नाही. मी मान खाली घालून गडगा ओलांडून घरी आले आणि आठ दिवस तिकडे फिरकले नाही. मग फिलूच येऊन घेऊन गेली. म्हणाली, “तेंका दुसरा कोण आसा सांगूक?”

त्या दिवसापासून मी काहीही सांगितलं की सर उठून जात आणि बोटांनी खात्री करून घेत. रोज नवं, कोरं झाकण लावत. मला वाईट वाटे, पण तक्रार करायला तोंड नव्हतं.

एप्रिलपर्यंत उजव्या डोळ्याला फक्त ऊन आणि सावली एवढंच कळत होतं. बघायचं ते राहिलंच होतं. ते आता होणार नाही हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. सर म्हणाले, “बघूचा गेला. लागला इतका तरी खरा समजांदे.” घरही आवरायला काढलं होतं. त्यांची मुलगी वास्कोला असते, ती दोघांना घेऊन जायला रविवारी येणार होती. वास्कोच्या तिच्या दोन खोल्यांत रणगाड्याला जागा नव्हती.

गुरुवार होता. वारा पडलेला. सरांनी बोटांनीच वायरी जोडल्या, बोटांनीच फुटपट्टी तपासली. फिलू दोरी खांद्यावर घेऊन आमच्याकडे पाठ करून चालू लागली. रणगाड्याने डोकं फिरवलं. गोल त्याला सापडले. पाट निम्म्या खळ्यापर्यंत आला, नळी त्याच्याबरोबर, मग नळी जराशी पुढे सरकली, पाट जिथे पोचणार होता तिथे, आणि फट् झालं. झाकण मागे कललं आणि वाळूवर आवाज न करता उताणं पडलं.

मी किंचाळले. “लागला! सर, लागला! मधल्या गोलाच्या शेजारी!”

सर जागचे हलले नाहीत. “हळू, बाई. परत सांगा.”

“लागला हो. पाडल्यान तेना!”

ते दोरीला धरून गेले. मी त्यांच्या आधीच धावत जाऊन झाकणापाशी पोचले होते, एवढी मी येडी झाले होते. ते गुडघ्यांवर बसले. बोटं काठावरून आत आली, पहिला गोल, दुसरा, आणि थांबली. खळगा होता. त्यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे आलं ते मी पंचवीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. मी तर हात जोडले. त्यांनी विचारलं, “आकडो?” मी संगणकाकडे पळाले आणि वाचून दाखवला, चार मीटर बारा. आणि वाचता वाचताच माझ्या लक्षात आलं की आकडा वाचणारी मीच, पडलेलं बघणारी मीच, आणि त्यांच्या आधी झाकणापाशी पोचलेलीही मीच.

“फिलू, तुया बघलंस?”

“माझी पाठ होती,” फिलू म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. “पण बाई सांगतत तर लागलो आसतलो.”

सर हात पुढे करून म्हणाले, “बाई, तुमचो हात दिया.” मी दिला. त्यांनी माझी करंगळी धरली आणि अलगद त्या खळग्यावर टेकवली. करंगळीचं टोक बरोबर आत गेलं, जणू खळगा तिनेच पाडला होता. दोनदा फिरवून त्यांनी खात्री करून घेतली.

“बसता,” ते म्हणाले.

“सर, देवाशप्पत मी नाय केलंय! परत चालवू या. आत्ता, या घडीला परत चालवू या.”

“नको. ऱ्हवांदे आता.” त्यांनी माझा हात सोडला नव्हता, त्यावर दोनदा थोपटलं, लहान मुलाची समजूत काढावी तसं. “बरा केलास, बाई. कोणीतरी करूक व्हया होता.”

जन्मात पहिल्यांदा त्या माणसाने माझ्याकडून अर्धा मार्क घेतला, आणि तोही मी दिलेला नसताना. ते उठले. फिलूच्या खांद्यावर हात ठेवून घराकडे चालू लागले. मी खळ्यात उभी राहून ओरडत होते, “सर, खरंच लागला हो! खरंच लागला!” इतक्या मोठ्याने, की होमस्टेमधली माणसं गच्चीवर येऊन बघायला लागली. सर पायरीशी थांबले, पाऊल चाचपून वर ठेवलं, आणि मागे न वळता हात उंच करून म्हणाले, “होय, होय.”